प्रवासाचा वेळ दारापासून मोजा

साकीनाक्याच्या चौकापासून सहारचे टर्मिनल २ सरळ रेषेत दोन किलोमीटरही नाही. रस्त्याने ते तीन-चार किलोमीटर भरते. विमानतळाच्या इतक्या जवळच्या वस्त्या मुंबईच्या उपनगरांत मोजक्याच असतील. तरीही संध्याकाळी सहाच्या सुमारास सामान घेऊन निघणारा इथला माणूस रिक्षासाठी अर्धा-पाऊण तास धरून चालतो. अंधेरी-कुर्ला रस्ता, साकीविहार रस्ता, खैरानी रस्ता आणि घाटकोपरकडून येणारा लिंक रोड हे सगळे याच एका चौकात येऊन भिडतात. परदेशी जायचे तर टर्मिनलवर तीन तास आधी हजर राहण्याची सूचना पाळायची, आणि मग सिंगापूरचे साडेपाच तासांचे उड्डाण. ‘मुंबईहून सिंगापूर किती लांब?’ असे विचारले की उत्तरात हे साडेपाच तासच सांगितले जातात. दोन शहरांतले अंतर इतके किलोमीटर, उड्डाणाचा वेळ इतके तास. आकडा खोटा नसतो. पण तो विमानाचा प्रवास सांगतो, माणसाचा नाही. माणसाच्या प्रवासाचा वेळ घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंत मोजला पाहिजे, तो अधिकृतपणे जाहीर झाला पाहिजे, आणि विमानतळ, मेट्रो व रस्ते यांवरचा सार्वजनिक पैसा त्या आकड्याकडे पाहून खर्च झाला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

तिकिटावर छापलेला वेळ तरी काय सांगतो? विमानाने एका शहरातले गेट सोडल्यापासून दुसऱ्या शहरातल्या गेटला लागेपर्यंतचा तो वेळ. मुंबई-दिल्ली हे सरळ अंतर साधारण ११४० किलोमीटर आहे. ताशी सव्वाआठशे-साडेआठशे किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला चढ-उतार धरून हवेत पावणेदोन तासांच्या आसपास लागतात. वेळापत्रकात मात्र सव्वादोन तास दिसतात. मधल्या अर्ध्या तासात धावपट्टीपर्यंतची रांग आहे, उतरण्यासाठी वाट पाहणे आहे, आणि थोडी सोयीची सैल जागाही आहे. ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत असलेले विमान वेळेवर धरले जाते, त्यामुळे वेळापत्रक सैल ठेवले की वक्तशीरपणाचा आकडा आपोआप सुधारतो. मुंबईत ही गरज जास्त आहे, कारण इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी एकच वापरता येते. फेब्रुवारी २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक मंत्रालयानेच सांगितले होते की मुंबईवर विमानांना ४० ते ६० मिनिटे घिरट्या घालाव्या लागतात आणि एका तासाच्या घिरट्यांत सुमारे अडीच किलोलिटर इंधन जळते. त्यानंतर गर्दीच्या वेळेतली ताशी विमाने ४६ वरून ४४ वर आणि इतर वेळेतली ४४ वरून ४२ वर आणण्यात आली. शहरे जागची हलली नव्हती, त्यांच्यातले अंतर तेच होते, तरी वेळ वाढत होता. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले तेव्हा दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या विमानांना मोठा वळसा पडला. इंडिगोला तर अल्माटी आणि ताश्कंदची उड्डाणे थांबवावी लागली, कारण नव्या वळशाने ती शहरे त्यांच्या विमानांच्या पल्ल्याबाहेर गेली. नकाशावरच्या किलोमीटरांवरून प्रवासाचा अंदाज बांधणे आकाशातही पुरे पडत नाही.

एअर इंडियाकडे १९६० मध्ये बोइंग ७०७ विमाने आली. ती ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास उडत. आज देशांतर्गत मार्गांवर आपण ज्या विमानांत बसतो ती त्याहून वेगवान नाहीत, उलट इंधन वाचवण्यासाठी किंचित हळूच जातात. साठ वर्षांहून अधिक काळात विमाने सुरक्षित झाली, स्वस्त झाली, शांत झाली, कितीतरी लोकांच्या आवाक्यात आली, पण प्रवाशांच्या विमानाचा वेग वाढलेला नाही. जो ठळक अपवाद होता, तो काँकॉर्ड, २००३ मध्ये निवृत्त झाला. याचा सरळ अर्थ असा की आकाशातला वेळ कमी होण्यासारखा फारसा उरलेला नाही. वाचवता येईल तो वेळ जमिनीवर आहे, आणि जमिनीवरचा वेळ कुणीच मोजत नाही. विमान कंपनीची जबाबदारी गेटपासून सुरू होते. विमानतळ चालवणाऱ्याची टर्मिनलच्या दारापासून. मेट्रोची स्थानकात, महापालिकेची रस्त्यावर. प्रवासी या चौघांच्या हद्दी एकाच दिवशी ओलांडतो, पण त्याच्या पूर्ण प्रवासाचा हिशेब चौघांपैकी कुणाच्याही वहीत नसतो.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण क्वालालंपूर आणि सिंगापूर यांचे आहे. दोन्ही विमानतळांतले अंतर तीनशे किलोमीटरच्या आत. विमान हवेत पाऊण तास असते, वेळापत्रकात तास-सव्वा तास दिसतो. ओएजी या संस्थेच्या २०१८ च्या यादीत हा जगातला सर्वांत गजबजलेला आंतरराष्ट्रीय हवाई मार्ग होता. वर्षाला तीस हजारांवर उड्डाणे. आता शहरातून शहरात जाणाऱ्या माणसाचा हिशेब करा. क्वालालंपूरच्या मध्यवर्ती स्थानकातून विमानतळ ५७ किलोमीटर, वेगवान रेल्वेने अर्धा तास. विमानतळावर दीड-दोन तास. उड्डाण सव्वा तास. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर उतरल्यावर पासपोर्ट तपासणी, सामान, आणि शहरात जायला पाऊण तास. बेरीज साडेचार-पाच तासांच्या घरात जाते, म्हणजे मोकळ्या रस्त्याने जाणाऱ्या बसपेक्षा फारशी कमी नाही. दोन्ही देशांच्या सरकारांना हा हिशेब पटला होता. म्हणूनच डिसेंबर २०१६ मध्ये त्यांनी सुमारे ३५० किलोमीटरच्या अतिवेगवान रेल्वेचा करार केला. शहरातून शहरात ९० मिनिटे, हे त्या योजनेचे वचन होते. पुढे मलेशियाला खर्चाचे आणि मार्गाचे फेरबदल हवे होते, एकमत झाले नाही, ३१ डिसेंबर २०२० ला करार संपला आणि मलेशियाने सिंगापूरला १० कोटी सिंगापूर डॉलरहून अधिक भरपाई दिली. योजना बारगळली, पण तिच्यामागचे मोजमाप योग्य होते. पाऊण तासाच्या उड्डाणाशी दीड तासाची रेल्वे स्पर्धा करू शकते, हे दारापासून मोजल्याशिवाय कुणाला सुचलेच नसते.

रेल्वे आली की प्रश्न सुटला, असेही नाही. इंडोनेशियात जकार्ता-बांडुंग ही १४२ किलोमीटरची अतिवेगवान रेल्वे ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली. मुंबई-पुण्यासारखीच ही जोडी, समुद्राकाठची राजधानी आणि डोंगरातले थंड हवेचे शहर. गाडी पाऊण तासात पोचते. पण जकार्तातले तिचे स्थानक शहराच्या पूर्वेला हलीमला आहे आणि दुसरे टोक बांडुंगच्या मध्यवस्तीत नाही. मधल्या पदलारंगला उतरून दुसऱ्या गाडीने शहरात जावे लागते. पाऊण तासाच्या प्रवासाला दोन्ही टोकांचे तुकडे जोडले की वेगाचा बराचसा फायदा त्या तुकड्यांत विरतो. आपल्या मुंबई-अहमदाबाद मार्गाचे मुंबईतले स्थानक वांद्रे-कुर्ला संकुलात जमिनीखाली होत आहे, ही त्या मानाने समाधानाची गोष्ट आहे, कारण तिथवर मेट्रो आलेली आहे.

मराठी माणसाच्या रोजच्या ओळखीतले उदाहरण गोव्याचे. मुंबई-गोवा उड्डाण तिकिटावर सव्वा तासाचे. दाबोळीला उतरा किंवा मोप्याला, तिकिटावरचा आकडा जवळपास तोच. जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू झाल्यावर मात्र दोघांतला फरक लोकांना पायांनी कळला. मडगावला जाणाऱ्याला दाबोळीहून पंचवीसेक किलोमीटर पडतात, मोप्याहून साठेक. सावंतवाडीच्या माणसासाठी नेमके उलटे, त्याला मोपा दाराशी आहे. त्याच सिंधुदुर्गात ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालेला चिपीचा विमानतळ अडखळत चालला, आणि मोप्याची जवळीक हे त्याचे एक कारण आहे. आता साकीनाक्याहून मडगावचा हिशेब मांडू. घरातून विमान सुटण्याच्या अडीच-तीन तास आधी निघायचे, सव्वा तास उड्डाण, अर्धा तास सामान, मोप्याहून मडगाव दीड तास. सहा तास सहज होतात. जून २०२३ पासून धावणारी वंदे भारत मुंबईहून मडगावला पावसाळा सोडून पावणेआठ तासांत नेते. साकीनाक्याहून रिक्षाने घाटकोपर आणि तिथून लोकलने ठाण्याला जाऊन ती पकडता येते, म्हणजे एकूण नऊ तास. तिकिटांवरचे आकडे पाहिले तर विमान साडेसहा तास वाचवते. दारापासून मोजले तर तीन. तीन तासही महत्त्वाचे आहेत, आणि अनेकांना ते भाड्यातला फरक देऊनही हवे असतील. पण निवड तीन तासांची आहे हे प्रवाशाला आधी कळायला हवे.

जमिनीवरच्या वेळेचा खरा त्रास त्याच्या लांबीपेक्षा त्याच्या अनिश्चिततेत आहे. साकीनाका चौक कधी दहा मिनिटांत सुटतो, कधी चाळीस मिनिटांत. ज्याचे विमान चुकले तर हजारो रुपये बुडणार आहेत, तो सरासरीवर विसंबत नाही. तो सर्वांत वाईट दिवस धरून निघतो. त्यामुळे वीस मिनिटांच्या सरासरीचा रस्ता प्रत्यक्षात प्रत्येक प्रवाशाचे तासभर खातो, मग त्या दिवशी रस्ता मोकळा असला तरी. तीन तास आधी या, ही सूचनासुद्धा काही अंशी याच अनिश्चिततेचे अपत्य आहे. म्हणूनच जून २०१४ मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रोने या भागाला जे दिले ते वेगापेक्षा मोठे आहे. ११.४ किलोमीटर, १२ स्थानके, एकवीस-बावीस मिनिटे, पावसात आणि गणपतीतही तेवढीच. या भागातल्या रस्त्यांवर नंतर कितीही डांबर ओतले गेले तरी अशी खात्री एकाही रस्त्याने दिलेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये मेट्रो ३ चा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा उघडला आणि वर्षभरात ती कफ परेडपर्यंत गेली. आज साकीनाका स्थानकातून एक स्थानक मरोळ नाका, तिथे गाडी बदलून पुढचे स्थानक थेट टर्मिनल २. मुंबईत विमानतळाशी इतका थोडक्यात जोडलेला नाका दुसरा क्वचितच असेल.

मग अडचण कुठे आहे? पहिली अडचण घड्याळाची. विमानतळ चोवीस तास चालतो. आग्नेय आशियाकडे आणि आखाताकडे जाणारी कितीतरी विमाने रात्री उशिरा आणि मध्यरात्रीनंतर सुटतात, देशांतर्गत पहिली विमाने पहाटे. मेट्रो पहाटे साडेपाच-सहाच्या आधी आणि मध्यरात्रीनंतर नसते. भुयारी मार्गाची देखभाल रात्रीच करावी लागते, हे खरे आहे. पण मेट्रो बंद असताना त्याच स्थानकांवरून टर्मिनलपर्यंत बेस्टची बस दर वीस मिनिटांनी धावू शकते, रात्री रस्तेही मोकळे असतात. दुसरी अडचण मरोळ नाक्याची. मेट्रो १ खांबांवरून जाते, मेट्रो ३ जमिनीखालून. एकीतून उतरून दुसरीत चढायला दोन मोठ्या बॅगा, लहान मूल आणि म्हातारी आई बरोबर असलेल्या कुटुंबाला किती मिनिटे लागतात, याचा आकडा कुठल्याही नकाशावर नाही. तिसरी अडचण स्थानकाच्या पायथ्याशी सुरू होते. साकीनाक्याला मेट्रोच्या जिन्यापर्यंत पोचायचे तर फूटपाथ मध्येच संपतो, रिक्षा वेड्यावाकड्या उभ्या असतात, चाकांची बॅग ओढत नेण्याइतकी सलग सपाट जागा मिळत नाही. हजारो कोटींची मेट्रो दाराशी आणून शंभर मीटरचा फूटपाथ करायचा राहून जातो, आणि मग तोच माणूस रिक्षाला हात करतो. चौकातल्या कोंडीत आणखी एका रिक्षाची भर पडते. ही चूक दुरुस्त करायला नवे तंत्रज्ञान लागत नाही, फक्त तो शंभर मीटरचा तुकडा कुणाच्या तरी वहीत यावा लागतो.

यावर सर्वांत आधी म्हटले जाईल की आता नवी मुंबईचा विमानतळ झाला आहे, गर्दी वाटली जाईल, घिरट्या थांबतील. ८ ऑक्टोबर २०२५ ला त्याचे उद्‌घाटन झाले, २५ डिसेंबरला तिथून प्रवासी विमाने सुटू लागली. दोन समांतर धावपट्ट्यांचा आराखडा असलेला हा विमानतळ मुंबईच्या आकाशाला नक्कीच मोकळे करील, आणि पनवेल, कल्याण, रायगडच्या लोकांचा प्रवास लहान करील. त्याचे स्वागतच केले पाहिजे. पण साकीनाक्याहून तो पस्तीसेक किलोमीटर दूर आहे, बोरिवलीहून त्याहून बराच जास्त. उपनगरातल्या माणसाच्या दृष्टीने आकाशात वाचलेली वीस मिनिटे जमिनीवर तासाच्या रूपाने परत द्यावी लागू शकतात. क्वालालंपूरने हे भोगले आहे. तिथला नवा विमानतळ जून १९९८ मध्ये सुरू झाला, शहरापासून पन्नासहून अधिक किलोमीटरवर, आणि शहराला जोडणारी वेगवान रेल्वे आली एप्रिल २००२ मध्ये. शहराजवळचा सुबांगचा जुना विमानतळ मात्र मेला नाही. आधी तिथून लहान पंख्याची विमाने उडत राहिली आणि २०२४ मध्ये जेट विमानेही परतली. बँकॉकचा सुवर्णभूमी सप्टेंबर २००६ मध्ये उघडला, त्याची रेल्वे २०१० मध्ये आली, आणि दरम्यान २००७ मध्येच जुन्या डॉन मुआंगवरची काही देशांतर्गत सेवा पुन्हा सुरू करावी लागली. बांडुंगसाठी शंभरेक किलोमीटरवर बांधलेला कर्ताजातीचा विमानतळ २०१८ मध्ये सुरू झाला आणि त्याला शहराशी जोडणारा द्रुतगती रस्ता २०२३ मध्ये पुरा झाला. मधली वर्षे ते टर्मिनल बहुतांश रिकामे होते. तिन्ही ठिकाणी धावपट्टी आधी आणि वाट नंतर आली. नवी मुंबईला अटल सेतू आहे, उरणची लोकल आहे, दोन्ही विमानतळांना जोडणाऱ्या मेट्रो ८ ची आखणी आहे. तिच्या कामाचा क्रम धावपट्ट्यांच्या वाढीइतकाच वरचा असला पाहिजे, नाहीतर त्या तीन शहरांचा अनुभव आपल्या वाट्याला येईल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. उड्डाणाचा वेळ सर्वांसाठी एकच असतो. दारापासूनचा वेळ प्रत्येकाचा वेगळा, मग तो मोजणार कसा? अवघड आहे, पण अशक्य नाही. युरोपीय आयोगाने २०११ मध्ये ‘फ्लाइटपाथ २०५०’ या दस्तऐवजात उद्दिष्ट ठेवले की युरोपांतर्गत ९० टक्के प्रवाशांचा प्रवास दारापासून दारापर्यंत चार तासांत व्हावा. ते गाठले जाईल की नाही हा वेगळा मुद्दा, पण मोजण्याचे एकक त्यांनी बदलले. आपल्याकडे टर्मिनलच्या दारात तिकीट तपासले जाते आणि गेटवर पुन्हा, म्हणजे आतला वेळ नोंदलेलाच आहे. बाहेरच्या वेळेसाठी मुंबई महानगरातली वीस ठिकाणे निवडावीत: साकीनाका, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कल्याण, पनवेल, वसई अशी. तिथून प्रत्येक टर्मिनलपर्यंत सार्वजनिक वाहनाने आणि रस्त्याने, दिवसाच्या ठरावीक वेळी, नेहमीच्या दिवशी किती वेळ लागतो आणि वाईट दिवशी किती, हे दर महिन्याला जाहीर करावे. डीजीसीए वक्तशीरपणाची आकडेवारी देतेच, तिच्या शेजारी हा तक्ता बसेल.

तिसरा आक्षेप नैतिक आहे आणि त्याचे उत्तर टाळता येणार नाही. साकीनाक्यात बहुसंख्य लोक विमानाने जात नाहीत. कारखान्यांत, दुकानांत, कपड्यांच्या आणि भंगाराच्या गाळ्यांत ते काम करतात. त्यांच्या परिसरात विमान प्रवाशांच्या मिनिटांची चिंता कशाला? कारण मिनिटे वेगळी नाहीत. टर्मिनलमध्ये सफाई करणारी, सामान चढवणारी, स्वयंपाकघरात काम करणारी माणसे तीन पाळ्यांत कामावर जातात, आणि अशांपैकी अनेकजण जरीमरी, मरोळ, साकीनाक्यातच राहतात. प्रवासी वर्षातून दोनदा अडकतो, ही माणसे रोज दोनदा. रात्रीची बस प्रवाशासाठी सोय असेल, रात्रपाळी संपवून घरी जाणाऱ्या बाईसाठी ती सुरक्षितता आहे. सलग फूटपाथ बॅगेला हवा तसाच शाळेत जाणाऱ्या मुलालाही हवा. विमानतळाच्या नावाने मागितलेली वाट वापरणार आहे तो सगळा परिसर, म्हणून ती मागण्यात मला संकोच वाटत नाही.

एमएमआरडीए, महापालिका, मेट्रो आणि विमानतळ चालवणाऱ्या कंपन्या यांनी एकत्र बसून पहिला तक्ता येत्या वर्षभरात काढावा, आणि मरोळ नाका व साकीनाका स्थानकांभोवतीचे फूटपाथ त्याआधी सलग करावेत. हे होईपर्यंत वाचकांना एवढेच सांगणे आहे की तिकीट काढताना भाड्याआधी विमानतळ कोणता ते पाहा. स्वस्त तिकीट नवी मुंबईहून असेल तर तिथवर जायचा वेळ आणि टॅक्सीचे पैसे त्यात मिळवा. दिवसाचे विमान असेल तर साकीनाक्याहून मेट्रोनेच जा, आणि पहाटेचे असेल तर त्या वेळी मेट्रो नसते हे धरून बेत आखा.